जुन्या मालट्रकचे इंधनतंत्र

कसारा घाटाच्या चढणीवर, पाच लाख किलोमीटरांची मजल मारलेला एखादा मालट्रक काळाकुट्ट धूर ओकीत रेंगाळू लागला, म्हणजे मालक इंजिनाच्या नावाने बोटे मोडतो. परंतु पुष्कळदा दोष इंजिनाचा नसून, त्याला इंधन पोचविणाऱ्या, झिजून गेलेल्या लहानसहान भागांचा असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा धुक्यासारखा सूक्ष्म फवारा सोडावा आणि त्याने आपोआप पेट घ्यावा, अशी ही योजना. हा फवारा रेटणारा पंपाचा दट्ट्या आपल्या नळकांड्यात इतका काटेकोर बसविलेला असतो, की दोहोंमधील अंतर केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. त्याला वंगण मिळते ते डिझेलचेच. सबब त्यात पाण्याचा अंश वा धुळीचा कण शिरला, की झीज सुरू झालीच म्हणून समजावे. झिजलेले नोझल फवाऱ्याऐवजी थेंब गाळते, इंधन अर्धवट जळते, आणि धूर व खर्च दोन्ही वाढतात.

यास्तव फिल्टर मुदतीत बदलण्यास हयगय करू नये, त्याच्या तळाशी साचलेले पाणी वरचेवर सोडावे, आणि नवा फिल्टर बसविल्यावर, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून नळ्यांतील हवा काढावी. नोझल उतरविल्यास तांब्याचा वॉशर नवाच घालावा; पंपाची जुळवणी मात्र चाचणीयंत्र बाळगणाऱ्या कारागिराकडेच सोपवावी. आणि चालू इंजिनाच्या दाबनळीची गळती बोटाने कदापि चाचपू नये; ती धार कातडी भेदून आत शिरते.