दुनळी रायफल घेताना

माझा भाचा केपटाऊनला असतो. कोकणातल्या मुसलमान कुटुंबांचं तिकडे जाणंयेणं शंभर वर्षांहून जुनं आहे. त्यामुळे आमच्या रोह्याच्या बाजूला एखादं ‘आफ्रिकावाल्यांचं घर’ असणं यात कुणाला नवल वाटत नाही. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘मामू, मित्रांबरोबर रानरेड्याच्या शिकारीला जायचं ठरतंय. दुनळी रायफल घ्यायची आहे. नानांना त्यातलं कळायचं ना? काय बघून घेऊ?’’

मी पडलो कवी. शब्द नेमका बसावा, एवढीच माझी नेमबाजी. पण त्याचे नाना म्हणजे माझे वडील तरुणपणी हाक्याला जात, पुढे साहेबलोकांच्या बंदुका वाहत. त्यांच्याकडून ऐकलेलं होतं, नंतर हौसेनं वाचलेलंही होतं. भाच्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या गावाकडे ज्याला दुनळी म्हणतात ती छऱ्यांची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतून पीळ काढलेला असतो. त्यामुळे एकच जड गोळी गिरक्या घेत सरळ जाते. अशा दोन नळ्या एका दस्त्यावर बसवल्या की झाली दुनळी रायफल. खरं तर त्या दोन स्वतंत्र रायफलीच. दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप. एका बाजूचं काही बिघडलं तरी दुसरी बाजू शाबूत. दुसऱ्या बारासाठी खटका मागेपुढे ओढावा लागत नाही, बोट पुढच्या चापावरून मागच्यावर नेलं की झालं. सातशे किलोच्या आसपासचा रेडा पंधरा पावलांवरून अंगावर येतो, तेव्हा तेवढाच वेळ हातात असतो.

या रायफलीचा आणि आपल्या देशाचा जुना संबंध आहे. 1898 मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीनं .450 मापाचं धूररहित दारूचं काडतूस आणलं आणि मोठ्या शिकारीत ते फार चाललं. पण हिंदुस्थानात जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलीही त्याच मापाच्या होत्या. ही काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील या धास्तीनं 1907 च्या सुमारास सरकारनं इथे ते मापच बंद केलं. मग बंदूकवाल्यांनी जवळपासची दुसरी मापं पुढे केली. त्यांतलं .470 आज आफ्रिकेत सर्वांत लोकप्रिय मानलं जातं. जिम कॉर्बेट यांची दुनळी त्याहून सौम्य, .450/400 मापाची होती. तेवढ्यावर त्यांनी नरभक्षक वाघ मारले. माप मोठं म्हणजे शिकारी मोठा, असं काही नसतं.

आता पारख कशी करायची? दोन नळ्या शेजारी असल्या तरी त्या अगदी समांतर नसतात, पुढे किंचित जवळ आणलेल्या असतात. कारागीर नळ्यांच्या तोंडाशी पाचर बसवतो, बार काढतो, गोळ्या कुठे लागल्या ते बघतो, डाख सैल करून पाचर सरकवतो, पुन्हा बार काढतो. ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी लागेपर्यंत हे चालतं. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहिलाय ना? बाकी काम कितीही हातांनी होवो, आखणीला तोच हात लागतो. दुनळीची किंमत चढते ती अशाच हातामुळे. लंडनच्या नामांकित घराण्यांची रायफल मुंबईतल्या फ्लॅटच्या भावात जाते. जर्मनीच्या हाइम, क्रिगहोफ, मर्केल यांच्या रायफली त्यामानानं आवाक्यात येतात.

ही जुळणी एका विशिष्ट काडतुसासाठी केलेली असते. गोळीचं वजन किंवा वेग बदलला की दोन नळ्यांची तोंडं दोन दिशांना. म्हणून जुनी रायफल घेताना ती कोणत्या काडतुसावर जुळवली आहे, हे आधी विचारायचं आणि त्याच काडतुसानं दोन्ही नळ्या चालवून कागदावर बघायचं. मग नळ्या सुट्या करून टांगायच्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर डाख पक्का, बद्द आवाज आला तर कुठेतरी सुटलाय. मडकं घेताना आपण वाजवून बघतो, तसंच. नळ्या बसवून हलवून बघायच्या. खडखडल्या तर सांधा झिजलाय. आतला पीळ गंजानं खाल्लेला नको. दस्ता मुठीपाशी तडकलेला नको.

सगळ्यात शेवटी अंगाचं माप. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. माशी नेमकी खाचेत दिसली तर ती रायफल तुमची. .470 ची रायफल साडेचार-पाच किलोंची असते आणि तिचा धक्का खांदा विसरत नाही. तो सोसत नसेल तर माप खाली आणावं. मात्र आफ्रिकेत अनेक ठिकाणी अशा जनावरांसाठी .375 च्या खाली जाता येत नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

इथे मला वडिलांची गोष्ट सांगावी लागली. स्वातंत्र्याआधीच्या एका हाक्यात मुंबईहून एक पाहुणा आला होता. हातात कोरी दुनळी, दस्त्यावर नक्षी. बिबट्या निघाला. पाहुण्यानं बार काढला, धक्क्यानं बोट मागच्या चापावर घसरलं आणि दोन्ही नळ्या एकदम उडाल्या. पाहुणा मागे कोलमडला. बिबट्या जखमी होऊन हाकाऱ्यांच्या रांगेतून फुटला. त्या रांगेत वडिलांचा जोडीदार होता, एक कातकरी तरुण. तो वाचला, पण उजवा हात कायमचा गेला. पाहुण्यानं काही रुपये दिले आणि मोटार निघून गेली. वडील मात्र पुढे कितीतरी वर्षं भात झोडून झालं की एक पोतं त्याच्या घरी पोचवत. म्हणायचे, ‘‘रायफलीत खोट नव्हती. ती चुकीच्या खांद्यावर होती.’’

आज आपल्याकडे हा प्रश्न उरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपली. जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं, ते फणसाड 1986 पासून अभयारण्य आहे. तिथल्या गाणींवर, म्हणजे पाणवठ्यांवर, सांबर आणि बिबटे निर्धास्त पाणी पितात. रानडुकरं भात-वालाचा फडशा पाडतात, हे खरं. पण त्यावरही अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक उचलता येत नाही. घरात वडिलोपार्जित हत्यार असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारसाहक्कानं आलेलंही त्यातच मोजतात. परवाना नावावर नसताना ट्रंकेत पडलेली बंदूक आठवण म्हणून शोभत नाही, गुन्हा ठरते.

भाच्याच्या देशात शिकार कायदेशीर आहे, पण तिथेही 2000 च्या कायद्यानुसार आधी स्वतःच्या पात्रतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मग परवाना. मी त्याला म्हणालो, ‘‘आधी वर्षभर लहान रायफलीवर हात बसव. मग दुसऱ्याची दुनळी मागून चालव. जखमी जनावराच्या मागे गवतात शिरायची तयारी असेल, तरच पैसे मोज. आणि तुझ्याबरोबर माग काढणारा जो माणूस असेल, त्याचं नाव आधी विचारून घे.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यानं विचारलं, ‘‘मामू, नानांच्या त्या जोडीदाराचं नाव काय होतं?’’

मला ते ठाऊक नव्हतं. वडील त्याला नुसतं ‘भाऊ’ म्हणायचे. मीही कधी विचारलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)