व्याध शेजारी, हरिण लांब

मंडळी, आज आपण पुस्तक मिटून मृग नक्षत्राकडे पाहू. शेतकऱ्याचा जूनमधला मृग म्हणजे त्या नक्षत्रात आलेला सूर्य. तेव्हा ते रात्री दिसतच नाही. पाहायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, जेवणं आटोपून गच्चीवर जावं. चार ठळक तारे म्हणजे हरिणाचे पाय, मध्ये ओळीने तीन तारे म्हणजे पोटात रुतलेला बाण. बाणाची रेषा खाली वाढवली की लखलखणारा व्याध सापडतो. आजीने सांगितलेली ही गोष्ट आपल्याला पटते, कारण ती डोळ्यांना दिसते.

आता अंतरं पाहा. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे आणि बाणाचे तारे हजाराहून अधिक! म्हणजे शिकारी आपल्या शेजारी उभा, आणि त्याचा बाण त्याच्या शंभरपट पलीकडे. हे चित्र आकाशात नाहीच, ते पृथ्वीवरून पाहण्यात आहे. मग ते खोटं म्हणायचं का? घाई नको.

तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य यांचे रंग काही आपण कल्पिलेले नाहीत. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, राजन्याचा १२,००० च्या आसपास. २०१९ च्या अखेरीस काक्षी इतका मंदावला, की आता स्फोट होणार अशी चर्चा सुरू झाली. पुढे कळलं, की ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ बनून आड आली होती. पण ती घटना आपण पाहिली तेव्हा तिला पाचशेहून अधिक वर्षं लोटली होती! मग ‘काक्षी आहे’ असं वर्तमानकाळात आपण कशाच्या बळावर म्हणतो? अनुमानाच्या. धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकाला निदान डोंगर चढून खात्री करता येत होती. आपल्याला तीही सोय नाही.

बाणाच्या खाली एक पुसट डाग दिसतो, तो तेजोमेघ. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. लहान दुर्बिणीतून त्याच्या गाभ्यात चार तारे जवळजवळ दिसतात. त्यांतल्या सर्वांत प्रखर ताऱ्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा हायड्रोजन उजळतो. हे चौघे मात्र त्याच मेघातून जन्मलेली सख्खी भावंडं आहेत. हरिण आपण जुळवलं. हे नातं पाहायला कुणी नसतं, तरी असतंच.

शहरातल्या दिव्यांत हा डाग हल्ली दिसत नाही. गावी गेलात तर अमावास्येच्या आसपास पाहा, आणि अंधाराला डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं द्या.