स्कॅप सिक्युरिटी गाईड

स्कॅप सिक्युरिटी गाईड हा सर्व्हरच्या सुरक्षाविषयक अनुपालनाची तपासणी करण्यासाठी वापरला जाणारा साच्यांचा मुक्तस्रोत संग्रह आहे. प्रामुख्याने लिनक्स प्रणालींसाठी असलेला हा संग्रह निरनिराळ्या कंपन्यांतील अभियंते व स्वतंत्र योगदानकर्ते मिळून तयार करतात. त्याचा मूळ मजकूर गिटहब या संकेतस्थळावर 'कम्प्लायन्स ॲज कोड' या नावाने उपलब्ध आहे.

स्वरूप

'स्कॅप' हे सिक्युरिटी कंटेंट ऑटोमेशन प्रोटोकॉल या मानकसमूहाचे लघुरूप असून अमेरिकेतील निस्ट ही संस्था त्याची देखरेख करते. यातील एक्ससीसीडीएफ या भाषेत 'काय असावे' याचे नियम लिहिले जातात, तर ओव्हल या भाषेत 'ते आहे की नाही हे कसे पाहावे' याची कृती दिली जाते. दोन्ही भाग एकाच एक्सएमएल फाईलमध्ये एकत्र बांधले जातात. प्रत्येक संचालन प्रणालीसाठी अशी स्वतंत्र फाईल असते.

नियमांच्या निवडक संचास प्रोफाइल म्हणतात. कार्डद्वारे होणाऱ्या व्यवहारांसाठीचे पीसीआय-डीएसएस, अमेरिकी संरक्षण खात्याचे स्टिग आणि सीआयएस या संस्थेची मानके यांवर आधारित प्रोफाइल या संग्रहात आढळतात.

डाउनलोड व स्थापना

रेड हॅट, फेडोरा, डेबियन, उबुंटू इत्यादी वितरणांच्या अधिकृत भांडारांत हा संग्रह पॅकेजच्या रूपात मिळतो. डेबियनमध्ये तो अनेक पॅकेजांत विभागलेला आहे. भांडारातील पॅकेजची सत्यता वितरकाच्या अंकीय स्वाक्षरीच्या आधारे पडताळली जात असल्याने हा मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो. नवी आवृत्ती हवी असल्यास प्रकल्पाच्या प्रकाशन पानावरून संकुचित फाईल उतरवून घेता येते. अशा वेळी सोबत दिलेला चेकसम जुळवून पाहणे आवश्यक असते. कारण साच्यातील दुरुस्तीच्या आज्ञा बहुधा सर्वाधिकार असलेल्या रूट खात्यातून चालतात व बदललेला साचा संपूर्ण सर्व्हर धोक्यात आणू शकतो.

साचे स्वतःहून चालत नाहीत. त्यांसाठी ओपनस्कॅपसारखे तपासणी साधन लागते. प्रथम फाईलमधील प्रोफाइलांची यादी पाहिली जाते, त्यातील एक निवडून तपासणी केली जाते आणि शेवटी ब्राउझरमध्ये वाचता येणारा अहवाल तयार होतो.

निकालांचा अर्थ

प्रत्येक नियमापुढे 'उत्तीर्ण', 'अनुत्तीर्ण', 'लागू नाही', 'तपासले नाही' अशा अर्थाचा निकाल येतो. दुसऱ्या प्रणालीचा साचा वापरल्यास बहुतेक नियम 'लागू नाही' ठरतात. अहवालात एकही नियम अनुत्तीर्ण दिसत नाही, म्हणून सर्व्हर सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे त्यामुळे चुकीचे ठरते.

दुरुस्ती व जोखीम

अनेक नियमांसोबत बॅश किंवा ॲन्सिबलमधील दुरुस्तीची कृतीही दिलेली असते. तिने केलेले बदल आपोआप मागे घेण्याची सोय मात्र नाही. उदाहरणार्थ, दुरून रूट खात्यात प्रवेश करण्यास बंदी घालणारा नियम योग्यच आहे. परंतु ज्या सर्व्हरवर अन्य प्रशासकीय खाते नाही, तेथे तो लागू केल्यास प्रशासकाचाच दूरस्थ प्रवेश बंद होतो. म्हणून दुरुस्ती आधी चाचणी सर्व्हरवर करून पाहतात व मूळ सर्व्हरची बॅकअप प्रत घेतात. एखादा नियम संस्थेच्या गरजेशी जुळत नसल्यास 'टेलरिंग' फाईलद्वारे तो वगळता येतो व मूळ साचा अबाधित राहतो.

मर्यादा

साचे केवळ यंत्राला तपासता येण्याजोग्या बाबी पाहतात. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, सर्व्हर कक्षातील प्रवेशनियंत्रण किंवा घटना घडल्यावर करावयाची कार्यवाही त्यांच्या कक्षेबाहेर राहते. त्यामुळे साच्याचा अहवाल हा लेखापरीक्षणातील एक पुरावा ठरतो. तो अनुपालनाचे प्रमाणपत्र नव्हे.