चोर सोडून सेन्सरला फाशी

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, त्यावर एक कोड उमटतो आणि कोडात ज्या सेन्सरकडे बोट दाखवलेले असते तो काढायला लगेच पाना हातात घेतला जातो. हा क्रम उलटा आहे. कोड म्हणजे निकाल नव्हे, नुसती फिर्याद. ‘हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे’ असे सांगणारा पी ०१७१ हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीवरून बेतलेला असतो. पण एअर-फ्लो मीटर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी चिरली, इंधनपंपाचा दाब उतरला किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाला भोक पडून बाहेरची हवा आत ओढली गेली, तरी कोड हाच येतो. तिन्ही वेळा सेन्सर समोर आलेल्या ऑक्सिजनचे प्रामाणिक माप देत असतो, आणि तरीही बदलला जातो तोच. नव्या गाडीत ही चूक एका पार्टच्या किमतीवर भागते. दहा-पंधरा वर्षे तापून-निवून गंजलेल्या गाडीत मात्र जाम सेन्सर उपसताना ज्या आट्यांत तो बसलेला असतो तेच मरतात आणि शंभर रुपयांच्या शंकेपायी हजारोंचे काम निघते. म्हणून जाम सेन्सर तपासल्याशिवाय सोडवू नये. ही तपासणी बहुतेक वेळा तो जागेवर असतानाच होऊ शकते.

ऑक्सिजन सेन्सरचेच पाहा. बॉशने १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांसाठी तो बाजारात आणला. शिशाने तो निकामी होतो. भारतात पेट्रोलमधले शिसे २००० साली पूर्णपणे हद्दपार झाले आणि त्यानंतरच आपल्याकडे त्याचा सरसकट वापर शक्य झाला. त्याच्या पोटात झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. टोपी साधारण ३०० अंशांवर तापली की ऑक्सिजनचे आयन तिच्यातून सरकू लागतात आणि दोन बाजूंतल्या ऑक्सिजनच्या फरकानुसार विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर हा दाब ०.१ व्होल्टच्या आसपास असतो, उरला नसेल तर ०.९ पर्यंत जातो. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, या प्रमाणापाशी ही उडी बसते. तपासणी याच उडीची करायची. इंजिन नीट तापल्यावर अॅक्सिलरेटर झटकन दाबला की दाब ०.८ च्या वर जायला हवा. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवरून पाय काढला, म्हणजे इंधन क्षणभर तोडले गेले, की तो ०.२ च्या खाली यायला हवा. हे दोन्ही चपळाईने घडले, तर साक्षीदार शुद्धीवर आहे. गुन्हेगार दुसरीकडे शोधावा. मात्र सिग्नलच्या तारेवर ओहममीटर लावू नये, त्याच्या प्रवाहाने टोपीला इजा होऊ शकते.

कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर तर आणखी सोपा. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो: २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात सकाळी कूलंट, आत येणारी हवा आणि भोवतालची हवा यांचे आकडे जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. एकटा कूलंटचा आकडा फटकून असेल तर त्याची जोडणी काढावी. बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. जोडणीच्या दोन टोकांमध्ये तार लावली की आकडा १२० च्या पुढे उडतो. हे दोन्ही झाले तर वायरिंग आणि संगणक ठीक आहेत; संशय आता खरोखर सेन्सरवर. पाना न लावता आरोपींची यादी तिनावरून एकावर आली.

यावर गॅरेजचा नेहमीचा आक्षेप असा, की मजुरी महाग, पार्ट स्वस्त. बदलून टाका, शंका मिटेल. पण नळी चिरलेली असेल तर नवा सेन्सरही तीच तक्रार करतो. शंका मिटत नाही, खिसा मात्र हलका होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सेन्सर म्हातारे होतात, संथ होतात, गरम झाल्यावरच दगा देतात. मग पाच मिनिटांच्या तपासणीत ते निर्दोष सुटणार नाहीत का? सुटू शकतात. म्हणूनच नुसता आकडा न पाहता वेग पाहायचा. चांगला ऑक्सिजन सेन्सर सुमारे दशांश सेकंदात बाजू बदलतो. साध्या मीटरला हे दिसत नाही, ऑसिलोस्कोपला दिसते. तार हलवत, इंजिन तापवत वाचन घेतले की लपलेला दोषही बहुधा उघडा पडतो. या आक्षेपातून निघते ते तपासणी नीट करा एवढेच. ती सोडून द्या, असे नव्हे.

दोष सिद्ध झाला, की मग बळापेक्षा भौतिकशास्त्र कामाला लावावे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून आटे आवळले जातात; कोकणच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. सेन्सरभोवतीचा पोलादी कडा ३०० अंशांनी जास्त तापवला, तर १८ मिलिमीटरचे भोक जेमतेम ०.०६ मिलिमीटरने रुंदावते, केसाच्या जाडीएवढे. गंजाची पकड तडकायला तेवढे पुरते, पण उष्णता कड्याला हवी, सेन्सरला नव्हे. मग भेदक तेल, खाच असलेला सहाकोनी सॉकेट आणि पाव फेरा पुढे, तितकाच मागे. करकर ऐकू आली की थांबायचे. तो आटे सोलले जात असल्याचा आवाज असतो. कूलंटचा सेन्सर मात्र इंजिन थंड असतानाच काढावा, नाहीतर दाबाखालचे उकळते कूलंट अंगावर येते. इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या क्रँक सेन्सरला आटेच नसतात. बीडाच्या ब्लॉकचा गंज त्याच्या प्लॅस्टिक देहाला चिमटतो. तो उचकटला तर डोके हातात येते आणि धड आत राहते, म्हणून आधी हलके पिळून सैल करावा.

निघालेला सेन्सरही लगेच फेकू नये. टोकावर काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात होते. पांढरा थर असेल तर कूलंट ज्वलनकक्षात झिरपत असावे, किंवा कुणीतरी चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरले असावे. ते कारण तसेच राहिले तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. सेन्सर खरोखर मेलेला निघाला, तरी त्याला मारले कोणी हा प्रश्न उरतोच, आणि त्याची शेवटची साक्ष या टोकावरच लिहिलेली असते.