मीठ धुणाऱ्या घरातून

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची सुरुवात आठवा. 1857च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! धुतल्यावर मीठ उरणार किती, हे त्या घरात विचारायची सोय नव्हती. भीती अशी स्वयंपाकघरापर्यंत पोचते.

मराठी ख्रिस्ती माणसानं मनःशांती कशी शोधली, याचा आढावा रीतीप्रमाणे फादर स्टीफन्सच्या 1616 सालच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून घ्यायला हवा. त्यातल्या ओव्यांचा गोडवा मान्यच. पण धास्तावलेलं मन जवळून बघायचं, तर मला हे मीठ धुणारं घरच बरं वाटतं.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांच्या हाती नवा करार ठेवला. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनात गुंतले. उद्याची काळजी उद्यावर सोडा, रानातली फुलं बघा, असं सांगणारं ते प्रवचन; आणि वाचणारा 'फुलामुलांचा कवी'! 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्या दिवशी घरात शांती आली नाही, उलट घरच मोडलं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. टिळकांचा जीवही पुढे कुठे स्थिरावला? 1917 साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी उभारायला निघाले. धर्मांतराच्या गोष्टी सांगणारे हा भाग चटकन उरकतात, असं माझं निरीक्षण आहे.

पंडिता रमाबाईंनी मात्र तो उरकला नाही. बाप्तिस्मा 1883चा, इंग्लंडमधला. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, आणि तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत गमावलेली ही बाई. 1896-97च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी बायका-मुली घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. त्यांची शांती डोळे मिटून बसणारी नव्हतीच. शेकडो तोंडांच्या जेवणाची जबाबदारी डोक्यावर, आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर चाललेलं. 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम थांबलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याकडे परतल्यावरही त्या सोवळं पाळत होत्या. मग एकदा विचार करता करता त्यांच्या मनानं घेतलं, की जाती माणसानं केल्या, देवानं नव्हे. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. मीठ धुणाऱ्याच्या मुलीची भीती आधी पाण्याच्या घोटात विरघळली. धर्म मागाहून आला.

शांती अशी माणसामाणसांतून येते, हे आजही दिसतं. वसईकडच्या चर्चमध्ये मिस्सेत, म्हणजे सामूहिक उपासनेत, कम्युनियनच्या आधी एक क्षण येतो. फादर शांती द्यायला सांगतात आणि लोक शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात. शेजारी कोण बसलाय, हे आपल्या हातात नसतं. बांधावरून ज्याच्याशी भांडण चालू आहे, तोही असू शकतो. मग नजर जरा खाली जाते, पण हात जोडले जातात.