दिवा हळदणकरांचा, नाव रविवर्म्याचं

दिवाळीच्या आठवड्यात एक चित्र मोबाइलवर हमखास येतं. हातात पेटता दिवा धरलेली तरुणी, ज्योतीला दुसऱ्या तळव्याचा आडोसा, चेहऱ्यावर पसरलेला तांबूस उजेड. खाली ओळ असते, ‘राजा रविवर्मा यांची अजरामर कलाकृती’. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी गेले. हे चित्र १९४५-४६ मधलं, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी जलरंगात केलेलं. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांचीच मुलगी, गीता. चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’, आणि मूळ प्रत म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. सावंतवाडीचे हळदणकर मुंबईत आले, १९०८ साली त्यांनी इथे स्वतःची चित्रशाळा काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांत ते होते. त्याच मुंबईत गिरगाव ते दादर सगळे ग्रुप त्यांचं चित्र दुसऱ्याच्या नावावर खपवतात.

चूक दाखवली की उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, जुनं चित्र आहे, त्यावर आता कुणाचा हक्क?’ दोन गैरसमज इथे एकाच वाक्यात बसले आहेत. जुनं म्हणजे हक्कमुक्त, हा एक. आणि हक्क संपला की नावही लिहायला नको, हा दुसरा.

आधी पहिला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजायची. चित्र किती जुनं दिसतं, त्याचा कागद किती पिवळा पडला, याला इथे काही अर्थ नाही. चित्रकार कधी गेला ते पाहायचं. हळदणकर १९६८ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कामावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. ज्या चित्राला आपण रविवर्म्याच्या काळात ढकलतो, ते कायद्याच्या हिशेबाने अजून मोकळंही झालेलं नाही.

हाच हिशेब इतरांना लावून पाहा. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं २००४ अखेर मोकळी झाली. ए. एच. म्युलर १९६० मध्ये गेले, ती २०२० अखेर. पण दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठं शेअर करणाऱ्यांनी जरा थांबावं. ‘दीपावली’ काढणारे दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्यासाठी तारीख येते २०३१ अखेर. रघुवीर मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६. एस. एम. पंडित १९९३, म्हणजे २०५३. साठीच्या-सत्तरीच्या दशकात घराघरांत टांगलेली देवादिकांची कॅलेंडरं, ज्यांना आपण सरसकट ‘पारंपरिक’ म्हणतो, त्यांतली पुष्कळ अजून हक्कात आहेत.

साठ हा आकडा आला कुठून, तेही मजेशीर आहे. पूर्वी मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ अखेर त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. त्याच वेळी मुदत दहा वर्षांनी वाढवण्याचा निर्णय झाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासची साठ झाली. बंगालच्या कवीपायी वाढलेली ही मुदत गिरगावच्या कॅलेंडरांनाही लागू आहे. युरोपात ती सत्तर वर्षं आहे, म्हणून परदेशी संकेतस्थळावर वाचलेली तारीख इथे जशीच्या तशी लावता येत नाही. पिकासो १९७३ मध्ये वारला. फ्रान्समध्ये २०४३ अखेरपर्यंत, भारतात २०३३ पर्यंत.

चित्रकाराचं नाव कळतच नसेल, तर प्रसिद्धीच्या तारखेपासून साठ वर्षं धरायची. मुदतीच्या आत नाव उघड झालं की पुन्हा मृत्यूपासूनचा हिशेब. चित्रकाराच्या पश्चात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या एन्ग्रेव्हिंगलाही, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रालाही, प्रसिद्धीपासूनच मोजतात.

आता ‘रविवर्मा’ या शिक्क्याविषयी, कारण मुंबईत गोंधळाचं मूळ तिथे आहे. रविवर्म्यांचा लिथोग्राफिक छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला. तिथून निघालेलं पहिलं चित्र म्हणजे शकुंतलेचा जन्म. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्म्यांनी तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. छपाई मात्र त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकं चालू राहिली, आणि धुरंधरांसारख्या इतरांची चित्रंही तिथे छापली गेली. तेव्हा खाली ‘रविवर्मा प्रेस’ असं असलं, तर त्यावरून छापखाना कळतो. चित्रकार कळेलच असं नाही. शिवाय ती छापील प्रत असते. मूळ तैलचित्रावरून कारागीर दगडावर पुन्हा रेखाटन करत आणि एकेका रंगासाठी वेगळा दगड चढवत. रंग बदलत, बारकावे गळत. अशा प्रतीचा फोटो ‘रविवर्म्यांचं तैलचित्र’ म्हणून टाकणं चूकच. ‘रविवर्मा प्रेसचा ओलिओग्राफ’, म्हणजे तैलचित्राची अशी रंगीत छापील प्रत, एवढं लिहिलं तरी पुरे. मला विचाराल तर ही चूक कायद्याच्या चुकीपेक्षा मोठी आहे. हक्क कधीतरी संपतो, चुकीचं नाव मात्र पुस्तकांत जाऊन बसतं.

‘चित्र आमच्या घरात आहे, आजोबांनी पैसे मोजून घेतलंय. हक्क आमचाच.’ नाही. कागद किंवा कॅनव्हास तुमचा. त्याच्या प्रती काढण्याचा, तो छापण्याचा हक्क त्याबरोबर आपोआप येत नाही. हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. याला अपवाद मोठा आहे: कुणी पैसे देऊन चित्र मुद्दाम काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला हक्कदार तो काढून घेणारा. सिनेमाच्या पोस्टरांचं हे खास उदाहरण. परळच्या राजकमल कलामंदिरात काम करणारे जी. कांबळे यांना के. आसिफनी ‘मुघल-ए-आझम’च्या पोस्टरांसाठी तिथून खेचून आणलं. अशा कामाचा हक्क निर्मात्याकडे असू शकतो, पण मुदत मोजायची ती कांबळ्यांच्या मृत्यूपासूनच, म्हणजे २००२ पासून. आणखी एक तरतूद घरात मूळ चित्रं असलेल्यांना सहसा ठाऊक नसते. हक्काच्या मुदतीत मूळ चित्र दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर पहिला हक्कदार असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, कमाल दहा टक्के.

‘फोटो मी काढला, तेव्हा तो माझा.’ इथे दोन थर आहेत. चित्र अजून हक्कात असेल, तर त्याचा फोटो काढून प्रसिद्ध करणं म्हणजे प्रत काढणंच. तुमचा कॅमेरा कितीही महाग असला तरी खालचा हक्क पुसला जात नाही. चित्र मोकळं असेल, तर प्रश्न उरतो फक्त फोटोचा. दालनात उभं राहून चित्र, चौकट आणि पाहणारी माणसं असं काही तुम्ही टिपलं असेल, तर ती तुमची रचना, आणि तिच्यावर तुमचा हक्क. पण सपाट चित्राची सपाट, हुबेहूब नक्कल? न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन आर्ट लायब्ररीच्या खटल्यात सांगितलं की अशा फोटोत स्वतंत्र काही नसतं, म्हणून त्यावर वेगळा हक्क नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात जवळपास हेच धोरण घेतलं. तो अमेरिकी निकाल इथे बंधनकारक नाही. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात निव्वळ घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी आणि निवड दिसली पाहिजे, असं म्हटलं. त्या कसोटीवर धुरंधरांच्या चित्राचं नुसतं स्कॅन करून ‘सर्व हक्क राखीव’ लिहिणाऱ्याचा दावा मला तरी लंगडा वाटतो. अर्थात संग्रहालयाने तिकिटावर किंवा परवानगीपत्रात अटी घातल्या असतील, तर त्या कराराच्या म्हणून पाळाव्या लागतात. त्याचा कॉपीराइटशी संबंध नाही.

‘सार्वजनिक जागी आहे, मग फोटो काढायला काय हरकत?’ पुतळ्याच्या बाबतीत खरंच हरकत नाही. शिवाजी पार्कवरचा अश्वारूढ पुतळा किंवा गिरगाव चौपाटीवरचे लोकमान्य, कायमस्वरूपी सार्वजनिक जागी असलेल्या शिल्पांचे फोटो काढायला आणि छापायला कलम ५२ मोकळीक देतं. पण ही सवलत शिल्पं, इमारती आणि हस्तकौशल्याच्या काही वस्तूंपुरती आहे. फोटोच्या सवलतीत रंगचित्रांचा उल्लेखच नाही. उड्डाणपुलाखालच्या खांबावर रंगवलेलं चित्र उघड्यावर आहे म्हणून मोकळं होत नाही. खासगी अभ्यास, समीक्षा, वर्गातलं शिकवणं यांना मात्र कायद्यात वेगळी सूट आहे. दलालांच्या रेषेवर लेख लिहून त्यांचं एखादं मुखपृष्ठ दाखवणं आणि तेच चित्र टी-शर्टवर छापून विकणं, या एका पारड्यात घालायच्या गोष्टी नाहीत.

राहिला तो श्रेयाचा मुद्दा. ‘साभार लिहिलं की झालं’ ही समजूत सगळ्यांत चिवट. श्रेय आणि परवानगी ही दोन वेगळी कर्जं आहेत. एक फेडून दुसरं फिटत नाही. हक्कातलं चित्र नाव लिहून छापलं तरी परवानगी लागते, आणि मोकळं चित्र परवानगीशिवाय छापलं तरी नाव लिहावं. कलम ५७ मधला कर्तृत्व सांगण्याचा हक्क कॉपीराइटपासून स्वतंत्र आहे. हक्क विकून टाकला तरी तो चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या पश्चात वारसांना चालवता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला तो याच कलमावर: विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवून बिघडवलं होतं.

‘साभार: गूगल’ हे तर श्रेयच नव्हे. गूगलने ना चित्र काढलं ना फोटो. ‘साभार: इंटरनेट’ त्याच्याही पुढचं. नीट ओळ अशी दिसते: सा. ल. हळदणकर, ‘ग्लो ऑफ होप’, जलरंग, १९४५-४६, जगनमोहन राजवाडा, म्हैसूर. पुढे छायाचित्रकाराचं नाव आणि फोटो जिथून घेतला ती जागा. विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलंत तर परवान्याचं नावही लिहायचं, आणि एक लक्षात ठेवायचं: फोटो चढवणारा म्हणजे तो काढणारा असेलच असं नाही. कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव कापून टाकण्याची सवय असेल, तर २०१२ साली आलेलं कलम ६५-ब वाचून ठेवा. हक्काची अशी माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंडही.

‘कॉपीराइट नोंदवलेलाच नाही, म्हणजे हक्क नाही’ हेही खरं नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क चित्र काढताच जन्मतो. नोंदणी पुरावा म्हणून कामी येते, आणि साध्या कलाकृतीसाठी तिची फी पाचशे रुपये आहे. हक्कदार कोण हेच सापडत नसेल, तर कलम ३१-अ प्रमाणे सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. बंद पडलेल्या छापखान्यांच्या कॅलेंडरांना ही वाट उपयोगी पडावी.

उलट बाजूही आहे. मोकळ्या झालेल्या चित्रावर कुणी खोटा हक्क सांगून कारवाईची धमकी देत असेल, तर निमूट चित्र काढून टाकायची गरज नाही. कलम ६० खाली त्या माणसाविरुद्ध न्यायालयात जाता येतं, धमकी निराधार असल्याचं जाहीर करून घेता येतं, मनाई मिळते, आणि तिच्यामुळे नुकसान झालं असेल तर त्याची भरपाईही.