चित्रकलेची पिशवी: काय घ्यावं, काय घरी ठेवावं

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्यांनी पेन्सिल-रंगांवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण साधन कोणतं आणि साध्य कोणतं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. चित्रकलेचं स्वतःचं साहित्य जमवताना तो अगदी रोकडा होऊन समोर येतो. म्हणून आज तेवढंच बोलू.

आपलं मोहने उल्हास नदीच्या काठावर, आंबिवली स्टेशनच्या जवळ. इथली नॅशनल रेयॉनची कंपनी, जिला सगळे एनआरसी म्हणतात, ती 2009 मध्ये बंद पडली. पगारावर चालणाऱ्या घरांना हिशेब नव्याने मांडावा लागला. अशा घरात मुलगी म्हणते, ‘मला चित्रकला शिकायचीय,’ तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘साहित्याला किती लागतील?’ आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्या टोकाला, निवृत्त झालेल्या आजोबांना वाढदिवसाला मुलं मोठी छत्तीस रंगांची पेटी आणून देतात, आणि ती पेटी कपाटावर जाऊन बसते. एकीकडे साहित्य नाही म्हणून चित्र राहतं, दुसरीकडे फार आहे म्हणून राहतं. दोन्हीकडे चूक एकच: साहित्याचा विचार चित्राच्या आधी झाला.

ॲरिस्टॉटल म्हणायचा की वस्तू समजून घ्यायची तर ती कशासाठी आहे ते आधी विचारा. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपण स्वतःला विचारायचं: मी कुठे बसून काढणार? किती वेळ? समजा उत्तर आलं, ‘सकाळी फिरायला जाते तेव्हा नदीकाठी वीस मिनिटं.’ झालं, निम्मी यादी ठरली. सगळं साहित्य खांद्यावरच्या पिशवीत मावलं पाहिजे आणि मांडीवर उघडता आलं पाहिजे. घोडा, म्हणजे ईझल, बाद. मोठा बोर्ड बाद. त्याऐवजी मुलांचं परीक्षेचं पॅड घ्या, क्लिपसकट. ते बहुतेक घरात असतंच.

आता कागद. कागदावर ‘जीएसएम’ लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, त्यामुळे 80 जीएसएमचा झेरॉक्सचा एक कागद बरोबर पाच ग्रॅमचा भरतो. नुसत्या पेन्सिलीला 100 ते 120 जीएसएम चांगला चालतो. जलरंगांना मात्र कागद जाड हवा. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याच्या घड्या पडतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपला हात वाईट आहे. 300 जीएसएमचा कागद महाग पडतो हे खरं. मग एका कागदाचे चार तुकडे करा. लहान चित्र काढा, पण कागद बरा घ्या. पावसाळ्यात कागद दमट होतो, पेन्सिलीने दबतो, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा.

पेन्सिलीला आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट आणि माती. 1795 मध्ये फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते याने ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती मिसळून भट्टीत भाजण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. ब्रिटनशी युद्ध चालू होतं, तिकडचं चांगलं ग्राफाइट येईना, त्यातून ही युक्ती निघाली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ती एच. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. बारा पेन्सिलींचा संच लागत नाही. एचबी, टूबी आणि सिक्सबी, तीन पुरे. एचबीने आखणी, टूबीने रेषा, सिक्सबीने गडद सावली. एक खोडरबर, आणि टोक काढायला शार्पनर.

रंगांत लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण पेटी दिसायला सुंदर असते. जलरंगांच्या चार ट्यूब घ्या: एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे आपल्या गेरूच्या जवळचा तपकिरी. हा निळा आणि हा तपकिरी मिसळा, आषाढातल्या ढगांचा राखाडी मिळतो. निळ्यात पिवळा घाला आणि किंचित तपकिरी, की पावसानंतरच्या झाडीचा हिरवा. पांढरा घ्यायचाच नाही. जलरंगात पांढरा म्हणजे सोडलेला कागद. पेटीतला तयार हिरवा वापरणारा झाडाकडे बघतच नाही, तो पेटीकडे बघतो. चार रंगवाल्याला मात्र बघावंच लागतं, की हा हिरवा पिवळ्याकडे झुकलाय की निळ्याकडे.

ब्रश एकच, गोल, आठ नंबरच्या आसपासचा. दुकानात पाण्यात बुडवून एक झटका द्यायला मागा. टोक आपोआप जुळलं तर घ्या, फाटलं तर ठेवून द्या. शिवाय पाण्याची छोटी बाटली, एक वाटी आणि जुन्या सुती साडीचा तुकडा.

हे फार कमी वाटतं का? मग आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आता पालघरात गेलेल्या गावांतल्या वारली चित्रांकडे बघा. सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला एक पांढरा रंग आणि टोक चावून ब्रशासारखी केलेली बांबूची काडी. एवढ्यावर लग्नाचा चौक उभा राहतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागद-कापडावर जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामात माणसं आली, शेती आली, मासेमारीचं जाळं आलं. रंग मात्र मुख्यतः तोच, पांढरा.

एक खुलासा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी वेगळी. तिथे भूमिती असते म्हणून कंपासपेटी लागते, नक्षीकामाला पोस्टर कलर सोयीचे पडतात. ती पेटी परीक्षेपुरती वेगळी ठेवा. नदीकाठच्या पिशवीत तिची भर घालू नका.

आता शेवटचा मुद्दा. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने 1927 च्या आपल्या ग्रंथात हातोडीचं उदाहरण घेतलंय. सुतार काम करत असतो तेव्हा त्याचं लक्ष हातोडीकडे नसतं, कामाकडे असतं. हातोडी मोडली किंवा सापडेना, की मग ती डोळ्यांत येते. आपली पिशवी अशी हवी की तिचा विसर पडावा. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली ठेवा. टूबी कुठल्या कप्प्यात आहे ते हाताला ठाऊक पाहिजे. आणि पिशवी दाराशी, चपलांजवळ टांगा, कपाटावर नको.

आणि घाई का म्हणाल, तर आजूबाजूला बघा. कल्याणच्या भोवतालच्या गावांतली कौलारू घरं एकेक करून जातायत, तिथे इमारती उभ्या राहतायत. फोटो तर क्षणात निघतो. पण वीस मिनिटं बसून काढलेलं घर, त्याची कौलं, ओटा, दारातली तुळस, हे काढणाऱ्याच्या ध्यानात राहतं.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. घरात जे आहे ते आधी जमवा: पॅड, पेन्सिल, पाठकोरे कागद. त्यावर दहा चित्रं काढा. अकराव्याला जे कमी पडेल, तेवढंच विकत आणा. आता प्रश्न असतील तर विचारा.